डिप्रेशनमध्ये लोकांचे चेहरे वाचायचे कसे, आणि आपल्या चेहऱ्याचं काय करायचं

डिप्रेशन म्हटलं की लोक झोप, भूक, रडू येणं याबद्दल बोलतात, चेहऱ्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणजे समोरच्याच्या तोंडाकडे बघून आपण दिवसभर जे अंदाज बांधत असतो ना, हा चिडलाय, ही कंटाळलीये, यांना मी इथे नकोय, ते अंदाज डिप्रेशनमध्ये गंडतात, आणि नेमका त्याच काळात आपला स्वतःचा चेहरा पण साथ सोडतो, आत काहीतरी चाललेलं असतं पण बाहेर काहीच दिसत नाही नाहीतर भलतंच दिसतं. घरात आणि ऑफिसात यातून ढीगभर गैरसमज होतात आणि नाव मात्र स्वभावाचं लागतं. ‘फार मनाला लावून घेते’, ‘कायम तोंड पाडून बसलेला असतो’ वगैरे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजारपण आहे तोपर्यंत चेहऱ्यांवर विसंबायचं नाही. एरवी जे काम चेहरे करतात ते तेवढ्यापुरतं शब्दांवर टाकायचं, म्हणजे विचारून घ्यायचं आणि सांगून टाकायचं. खालचं सगळं त्यातूनच निघालंय. मी डॉक्टर नाही, ठाण्यात राहते, ऐरोलीला नोकरी करते, औषधं आणि थेरपी दोन्ही करून झालंय, आणि या विषयावरचं संशोधन वाचायची मला तेव्हापासून खोड लागलीये.

नक्की होतं काय

संशोधक साधारण असं करतात की लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवतात आणि विचारतात की हा माणूस खूश आहे, दुःखी आहे, चिडलाय, घाबरलाय, की काहीच नाही. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये असा एक फोटोंचा संच काढला होता, त्यात आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य आणि शिवाय कोरे चेहरे, आणि पुढे कितीतरी प्रयोग त्याच फोटोंवर झाले. त्यातून परत परत दिसलेली गोष्ट म्हणजे डिप्रेशन असलेल्या माणसाला कोरा चेहरा बऱ्याचदा कोरा दिसत नाही, उदास किंवा नाराज दिसतो, आणि हसरा चेहरा नुसताच कोरा वाटतो. एक पायरी खाली सरकतं सगळं.

२००६ मध्ये युटा यूरमान आणि इयन गॉटलिब यांनी फोटोच्या ऐवजी हळूहळू बदलणारा चेहरा दाखवला, कोऱ्यापासून सुरू होऊन पूर्ण हसण्यापर्यंत किंवा पूर्ण रागापर्यंत, आणि ओळखू आलं की थांबवायचं. डिप्रेशनवाल्यांना हसू ओळखायला इतरांपेक्षा जास्त ठळक हसू लागलं. आता विचार करा की रोजच्या आयुष्यात ठळक हसू असतं किती? लिफ्टमध्ये शेजारच्या काकू हसतात ते अर्धं हसू, सकाळी वॉचमन मान हलवतो ते पाव हसू, ऑफिसात चहाच्या मशीनपाशी कोणीतरी ओठांचा एक कोपरा उचलतं ते तर त्याहूनही कमी. माणसाला आपण हवेसे आहोत हे या चिल्लर हसण्यांवरूनच कळत असतं, आणि डिप्रेशनमध्ये नेमकी ही चिल्लरच हातातून गळते. मला हा प्रयोग वाचला तेव्हा बरंच काही लख्ख कळलं, की लोक वाईट वागत नव्हते, त्यांचं कमी आवाजातलं चांगलं वागणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

२०१५ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून बघितले गेले तेव्हा असं निघालं की डिप्रेशनमध्ये बाकी सगळ्या भावना ओळखण्यात थोडी घट होते, फक्त दुःख ओळखण्यात होत नाही. दुःख बरोब्बर दिसतं. आणि ही घट सरासरी काढली तर छोटी आहे हेही त्याच अभ्यासात आहे, म्हणजे तुम्ही चेहरे वाचायला नालायक झालात असा अर्थ कोणी काढू नका. एखाद दुसरा चेहरा चुकतो. पण दिवसभरात शेकडो चेहरे समोर येतात आणि चुका बहुतेक एकाच दिशेला होतात, तिथे गाडी अडकते.

मेंदूच्या बाजूने बघायचं तर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, धोका हुंगणारा. २००१ च्या एका अभ्यासात डिप्रेशनवाल्यांना घाबरलेले चेहरे इतक्या पटकन दाखवले की बघितल्याचं कळणारही नाही, तरी डावीकडचा अमिग्डाला जास्त पेटला, आणि औषधोपचारानंतर ते शमलं. म्हणजे ‘तू मुद्दाम निगेटिव्ह बघतेस’ हा जो आरोप असतो तो निदान या बाबतीत तरी चुकीचा आहे, मुद्दाम करण्याच्या आधीच ते होऊन गेलेलं असतं.

एक गंमत पण आहे. कॅनडात केट हार्कनेस यांनी कॉलेजच्या मुलामुलींवर २००५ मध्ये अभ्यास केला, फक्त डोळ्यांचे फोटो बघून मनात काय चाललंय ते ओळखायचं. थोडे उदास असलेले विद्यार्थी त्यात इतरांपेक्षा सरस निघाले. पण खऱ्या डिप्रेशनच्या रुग्ण बायका त्याच कामात कमी पडल्या. त्यामुळे ‘मला माणसं बरोबर कळतात, मी जास्त सेन्सिटिव्ह आहे’ हा जो विश्वास असतो तो कधीकाळी खरा असेलही, आजार वाढल्यावर तो तसाच धरून बसलं तर महागात पडतं.

सीसीटीव्हीत काय दिसलं असतं

सगळ्यात कामाची सवय ही. कोणाचा चेहरा बघून पोटात गोळा आला की फोनमध्ये नोट उघडायची आणि लिहायचं. पहिल्या ओळीत फक्त तेवढंच जे सीसीटीव्हीत दिसलं असतं. दुसऱ्या ओळीत त्यावरून मला काय वाटलं.

म्हणजे ‘मी बोलत असताना मॅडमनी भुवया आवळल्या आणि लॅपटॉपकडे बघितलं’ ही झाली पहिली ओळ. ‘मॅडमना माझं काम टाकाऊ वाटतं, अप्रेझलला कळेलच’ ही दुसरी. इथे लोक गडबड करतात ती अशी की पहिल्या ओळीतच ‘मॅडम वैतागल्या’ लिहून मोकळे होतात. सीसीटीव्हीला वैताग दिसत नाही, भुवया दिसतात. वैताग आपण घातला. सुरुवातीला हे वेगळं करायला फार जड जातं, दोन्ही एकच वाटतं, पण तोच तर मुद्दा आहे ना.

मग तिसरी ओळ. भुवया आवळायची अजून दोन कारणं, आणि ती जितकी कंटाळवाणी असतील तितकी चांगली. चष्म्याचा नंबर वाढलाय. घोडबंदर रोडवर गाडी अडकली होती आणि डोकं ठणकतंय. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाच्या भुवया तशाही आवळल्या जातात, मन लावून हिशोब करणाऱ्या कोणाकडेही बघा, भांडायला आल्यासारखा दिसतो. ही कारणं खरी आहेत असं स्वतःला पटवायचं नाहीये, पॉझिटिव्ह थिंकिंगचा डोस हा नाही, मॅडम खरंच वैतागल्या असू शकतात. फक्त एकच कारण शक्य आहे असं जे ठाम वाटत असतं त्याला थोडी फट पाडायची.

यात मी काही नवीन सांगत नाहीये. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात जी थेरपी उभी केली, ज्याला आता सगळे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात, त्यात दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलंय असं धरून चालणं ही विचारांची एक नेहमीची चूक म्हणून सांगितलीये. आपल्याकडे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत म्हणजे आरईबीटी पण बरेच समुपदेशक वापरतात, तिथेही घटना एक आणि आपण काढलेला अर्थ वेगळा हे पहिल्यापासून शिकवतात.

लिहायला वेळ नसेल तर ट्रेनमध्ये लिहा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडली की वाशीला पोचेपर्यंत दोन-तीन नोटा सहज होतात, बसायला मिळालं नाही तर एका हाताने व्हॉइस टायपिंग जमतं, पण मग बाजूची बाई तुमच्या मॅडमची भुवयांची कथा ऐकणार हे गृहीत धरा.

विचारायचं कसं

विचारणं हेच औषध आहे पण त्याचा एक धोका पण आहे. ‘चिडलायस का? नक्की ना? खरंच ना? मग असा का बघतोयस?’ हे सुरू झालं की समोरचा माणूस जो मघाशी चिडलेला नव्हता तो आता चिडतो. १९७६ मध्ये जेम्स कॉइन यांनी हे चक्र मांडलं होतं, की उदास माणूस परत परत खात्री मागतो, जवळचे लोक आधी देतात, मग दमतात, मग त्यांच्या तोंडावर तो दमलेपणा दिसायला लागतो, आणि मग आपल्याला वाटतं बघा, मी म्हणत होते ना.

म्हणून एकदाच विचारायचं, आणि रागाबद्दल विचारायचं नाही, कामाबद्दल किंवा गोष्टीबद्दल विचारायचं. मॅडमना ‘तुम्ही माझ्यावर नाराज आहात का’ विचारलं तर त्या ‘नाही गं’ म्हणणार आणि आपल्याला ते खोटं वाटणार. त्यापेक्षा ‘मॅडम, मघाशी मी जे आकडे दाखवले त्यात काही बदलायला हवंय का?’ असं विचारलं की उत्तर हातात येतं. हो म्हणाल्या तर बदला, नाही म्हणाल्या तर विषय संपला, आता भुवयांचा हिशोब बंद.

घरी थोडं सोपं असतं आणि थोडं अवघड पण. नवऱ्याला सरळ सांगून ठेवता येतं की ‘हे बघ, मला सध्या तुझा गप्प चेहरा रागावल्यासारखा दिसतो, मी एकदा विचारेन, तू खरं सांग, मी मान्य करेन’. असं आधी ठरलेलं असलं की रोज नव्याने भांडण होत नाही. सासूबाईंना हे असं सांगता येईलच असं नाही, तिथे ‘आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का, चहा टाकू?’ एवढं पुरतं, कारण खूपदा खरंच गुडघे दुखत असतात आणि चेहरा गुडघ्यांचा असतो, सुनेचा नसतो. मैत्रिणीला तर काय, ‘तुझं तोंड बघून मला वाटतंय मी काहीतरी बोलले, बोलले का?’ बास.

उत्तर मिळालं की ते निदान संध्याकाळपर्यंत खरं धरायचं. रात्री परत वाटेल, वाटू दे. आणि नुसत्या चेहऱ्यावरून मोठा निर्णय घ्यायचा नाही, राजीनामा, ब्रेकअप, ग्रुप सोडणं, दिवाळीला माहेरी न जाणं, काहीही असो, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि शब्दांत काहीतरी कानावर पडल्याशिवाय हलायचं नाही.

नजर कुठे चिकटते ते बघा

दहा माणसांत नऊ ठीकठाक असतील आणि एकाचं तोंड वाकडं असेल तर डिप्रेशनमध्ये नजर त्या एकावर जाऊन बसते. यावर गॉटलिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग आहेत, आणि दिसतं असं की उदास चेहरा आधी दिसतो असं नाही, त्याच्यावरून नजर निघत नाही. म्हणजे अडचण जाण्यात नाही, परत येण्यात आहे. त्यामुळे ‘तिकडे बघूच नको’ हा सल्ला उपयोगाचा नाही. बघा, मग हलवा.

सोसायटीची मीटिंग, हळदीकुंकू, ऑफिसचा टाउनहॉल, कुठेही हे करता येतं. नजर चिकटली असं लक्षात आलं की मुद्दाम अजून तीन चेहऱ्यांवर न्यायची, प्रत्येकावर एक श्वासभर, आणि त्यात हसू शोधायचं नाही, फक्त काय दिसतंय ते बघायचं. तो कान खाजवतोय. ती पेढा खातेय. हे काका झोपलेत. सोसायटीच्या मीटिंगला एक काका झोपलेले असतातच.

सराव हवा असेल तर तो जिथे काही पणाला लागलेलं नाही अशा ठिकाणी करा. जांभळी नाक्याला भाजी घेताना, शेअर रिक्षाच्या रांगेत, गावदेवीपाशी चहाच्या टपरीवर. सुट्टे पैसे दिले की भाजीवालीच्या तोंडावर जे काही एक क्षण येतं ते पकडायचा प्रयत्न करायचा. हे मी उगाच म्हणून सुरू केलं होतं पण माझ्या बाबतीत तरी नोटा लिहिण्याइतकंच कामाला आलं, कारण ती चिल्लर हसू परत दिसायला लागली.

व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप

व्हिडिओ कॉलवर चेहरे वाचायचा नाद सोडून द्या. चेहरा टपालाच्या तिकिटाएवढा, नेटवर्क मागे-पुढे, लोक कॅमेऱ्याकडे बघत नाहीत आणि निम्मे जण दुसऱ्या टॅबमध्ये मेल वाचत असतात, तिथे जे दिसतं त्याला काही अर्थ नाही. स्वतःचा चौकोन लपवायची सोय झूममध्ये आहे, ती चालू करा. स्वतःचं पडलेलं तोंड तासभर समोर बघत बसणं हा वेगळाच छळ आहे आणि त्यात आपण बोलणाऱ्याकडे बघतच नाही. मीटिंग संपताना ‘माझ्याकडून हे तीन मुद्दे, बरोबर ना?’ असं चॅटमध्ये टाका.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर चेहराच नसतो, म्हणून डिप्रेशन तिथे हवा तो चेहरा चिकटवतं. ‘ओके’ पुढे पूर्णविराम आला की संपलं. ज्यांच्या मेसेजने सारखं असं होतं त्यांना फोन करा, आवाजात बऱ्याच गोष्टी निभावतात. निळी टिक बंद करता येते, मी बंद ठेवलीये.

आता आपला चेहरा

हा भाग लोकांना जास्त त्रास देतो असं मला वाटतं, कारण समोरच्याचा चेहरा चुकीचा वाचला तर निदान ते आपल्याच डोक्यात राहतं, पण आपला चेहरा सगळ्यांना दिसतो.

भुवया आवळणारा एक स्नायू असतो आणि ओठांचे कोपरे वर ओढणारा गालातला एक. १९७६ मध्ये गॅरी श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याला इलेक्ट्रोड लावून बघितलं, लोकांना आनंदाचे प्रसंग, दुःखाचे प्रसंग आणि एक साधा नेहमीचा दिवस आठवायला सांगून. डिप्रेशन नसलेल्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा दिवस आठवताना बारीकशी आनंदाची नक्षी उमटली, डिप्रेशनवाल्यांच्या चेहऱ्यावर दुःखाची. आणि हे इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसेलच असं नाही. शिवाय एरवी समोरचा हसला की आपले गाल आपोआप थोडे हलतात, ते डिप्रेशनमध्ये कमी होतं. आजार जास्त असला की सगळंच मंदावतं, बोलणं, चालणं, चेहरा, आणि डॉक्टर पण तपासताना हे बघतात.

म्हणजे कोणीतरी जोक मारतो, तो आपल्याला कळलेला असतो, आवडलेला पण असतो, चेहरा मात्र ढिम्म. समोरच्याला वाटतं हिला आपलं काही पडलेलंच नाही. तो थोडा मागे सरतो. आपल्याला त्याचं मागे सरणं लगेच दिसतं, तेवढं मात्र बरोब्बर दिसतं.

उपाय कंटाळवाणा आहे, तोंडाने बोला. जोक आवडला तर ‘हा भारी होता’ म्हणा. कोणी बातमी सांगितली, प्रमोशन, साखरपुडा, काही, तर ‘मला खरंच आनंद झालाय, चेहरा सध्या उशिरा चालतो’ असं म्हणून टाका, लोक हसतात आणि सोडून देतात. ऐकताना ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ एवढं चालू ठेवा, मान हलवा, चेहऱ्यापेक्षा मान सोपी पडते. पोरगं चित्र दाखवायला आलं तर हात त्याच्या पाठीवर ठेवा आणि चित्रातली एक गोष्ट नाव घेऊन सांगा, ‘हा हत्ती निळा का केलास?’. त्याला कळतं की आई बघतेय.

ऑफिसात किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. डिप्रेशन हा शब्द वापरायची सक्ती नाही. ‘सध्या तब्येतीचं चालू आहे, मी गप्प वाटले तरी कामात आहे, काही लागलं तर सरळ सांगा’ एवढं जवळच्या दोन-तीन जणांना सांगितलं तरी बराच फरक पडतो. ज्या मॅनेजरबद्दल भरवसा नाही त्याला सांगू नका, प्रामाणिकपणा चुकीच्या जागी दाखवला की नंतर निस्तरत बसावं लागतं.

आणि खोटं हसू दिवसभर चिकटवून ठेवू नका. ‘हसत राहा, मग आपोआप आनंद होईल’ हे जे सगळे सांगतात त्याच्यामागे १९८८ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, दातात पेन धरून कार्टून बघायला लावलेला, आणि २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून तो परत केला तेव्हा तो परिणाम काही आला नाही. उपवनला सकाळी फिरायला आणि हास्यक्लबला जरूर जा, चालणं होतं, चार लोक ओळखीचे होतात, ते चांगलंच आहे, पण हसून डिप्रेशन जाईल या भरवशावर गोळ्या बंद करू नका. शिवाय काही लोक डिप्रेशनमध्येही छान हसतात, चारचौघांत तर फारच छान, आणि घरी आल्यावर कोसळतात. ‘काल तर लग्नात नाचत होतीस’ हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे.

बाळ लहान असेल तर

एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे, आईने बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, मग रडवेलं होतं, मान फिरवतं. हे ऐकून बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असलेल्या बायका फार घाबरतात, म्हणून सांगते, आईचा चेहरा परत हलायला लागला की बाळ पण परत येतं, आणि बाळाला दिवसभर फक्त आईचाच चेहरा बघायला लागतो असं आपल्याकडे कुठे असतं. आजी, मावशी, बाबा, मालीशवाल्या बाई, सगळे चेहरे चालतात. आईने गाणं गुणगुणावं, अंगावर घ्यावं, आवाज आणि स्पर्श तिच्याकडून जाऊ दे. सव्वा महिना झाला तरी रडू थांबत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर ‘होतं असं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, प्रसूती केलेल्या डॉक्टरांनाच सांगा. त्या पुढे पाठवतील.

घरच्यांनी काय करायचं

‘हस की जरा’ बंद. ‘तोंड का पाडलंयस’ बंद. ‘पाहुणे आलेत, नीट चेहरा कर’ हे तर कायमचं बंद.

तुमच्या गप्प चेहऱ्याचा अर्थ समोरचा माणूस वाईट लावणार आहे हे धरून चाला आणि अर्थ आधीच पुरवा. ऑफिसातून दमून आलात तर दारातच ‘आज पूल जाम होता, डोकं दुखतंय, तुझ्यावर काही नाही’. फोनवर मेसेज वाचताना कपाळाला आठी पडली तर ‘बँकेचा मेसेज आहे’. हे पहिल्यांदा बावळटासारखं वाटतं पण दोन सेकंदांचं काम आहे. हसायचं असेल तर जरा ठळक हसा, नाव घेऊन बोला. आणि त्यांचा चेहरा कोरा राहिला तर ते लावून घेऊ नका, ‘आवडलं का?’ असं विचारा आणि जे उत्तर येईल ते धरा.

खूप बोलून समजावत बसायची गरज नसते. तलावपाळीला संध्याकाळी शेजारी बसून भेळ खा, दोघेही पाण्याकडे बघताय, कोणाला कोणाचा चेहरा वाचायचाच नाहीये. मला तरी समोरासमोर बसण्यापेक्षा असं बसून बोलणं कधीही सोपं गेलं, बाइकवर मागे बसून पण लोक बरंच बोलतात.

डॉक्टरकडे कधी, आणि काय सांगायचं

दोन आठवडे किंवा जास्त दिवस बहुतेक वेळ उदास वाटतंय किंवा कशातच रस नाहीये, झोप-भूक बिघडलीये, तर जायचं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, १० किंवा त्यावर आकडा आला तर डॉक्टरांना दाखवायला हवं असं साधारण धरतात, पण निदान त्या यादीवरून होत नाही, माणूस करतो. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेनेही असाच मंदपणा येतो.

ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं, तिथे ओपीडी चालते, आणि त्या नावाला घाबरून लोक जात नाहीत हे दुर्दैव आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था ठाण्यातच आहे. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर ही वरची सगळी नोटा वगैरे भानगड बाजूला ठेवा, आत्ता फोन करा आणि घरात कोणालातरी जवळ बसवा.

औषधांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर यांच्या २००९ च्या अभ्यासात डिप्रेशनच्या रुग्णांना रिबॉक्सेटिन या औषधाचा फक्त एक डोस दिला, मूडमध्ये काही फरक पडला नाही, पण आनंदी चेहरे ओळखणं त्याच दिवशी सुधारलं. त्यांचं म्हणणं असं की औषध आधी चेहरे आणि आठवणी बघायची पद्धत बदलतं, मूड त्याच्या मागून हळूहळू येतो, लोकांशी रोज थोडं थोडं बरं होत जाऊन. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ‘काहीच वाटत नाहीये’ म्हणून सोडून देऊ नका. उलट काही जणांना औषधाने सगळंच सपाट वाटायला लागतं, ना रडू ना हसू, ते डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते, मनाने एकदम बंद केली की त्रास होतो.

वयस्कर माणसाचा चेहरा अलीकडे कोरा पडलाय आणि सोबत हात थरथरतोय, चाल बारीक झालीये, तर ते डिप्रेशनच असेल असं नाही, पार्किन्सन्समध्येही चेहरा असा होतो, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. आणि अचानक चेहऱ्याची एकच बाजू ओघळली, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो, तिथे विचार करत बसायचं नाही, १०८ ला फोन.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मूड कसा आहे’ एवढ्यालाच उत्तर देऊन परत येऊ नका. लोकांचे चेहरे रागावलेले दिसतात, माझ्या चेहऱ्यावर काही येत नाही असं घरचे म्हणतात, हे पण सांगा, फोनमधल्या नोटा दाखवा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला घरच्या एकाला बरोबर न्या, कारण बरं व्हायला लागलं की ते बऱ्याचदा घरच्यांना आधी दिसतं, तुम्हाला अजून काही बदललंय असं वाटतच नसतं तेव्हा ते सांगतात की डॉक्टर, गेल्या आठवड्यात ही टीव्ही बघताना हसली होती.